शेजारची वेल आपल्या अंगणात आली तर: मूळ शोधण्यापासून मुळासकट काढण्यापर्यंत

पुण्यात आमच्या घराला दोन बाजूंनी बाग आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून शेजारच्या वेली येतात. पूर्वेकडून मधुमालती आणि उत्तरेकडून आइसक्रीम क्रीपर, तीच ती गुलाबी तुऱ्यांची वेल. मधुमालतीशी आमचं आता छान जमलं आहे. आइसक्रीम क्रीपरने मात्र पेरूचा एक अख्खा बहर घेतला. गणपतीच्या गडबडीत तिकडे दुर्लक्ष झालं आणि दिवाळीपर्यंत पेरूचा शेंडा तुऱ्यांखाली दिसेनासा झाला. पुढची तीन वर्षं मी ती वेल काढत होते.

इतकी वर्षं लागली, कारण मी चुकीच्या ठिकाणी कापत होते. मधुमालती भिंतीवरून फक्त वाकून येत होती, तिचं मूळ शेजारीच होतं. आइसक्रीम क्रीपर मात्र कधीच भिंतीखालून आमच्या मातीत उतरून रुजली होती. वरून लोंबणारी वेल आणि आपल्याकडे रुजलेली वेल ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलीत बोलणं जास्त आणि कापणं कमी, दुसरीत खणणं जास्त. कोणतं काम आपल्या वाट्याला आलं आहे हे कळायच्या आत हातात कात्री घेऊ नका.

आधी वेल ओळखा

नाव कळलं तर उत्तमच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती चढते कशी आणि पसरते कशी. एखादी फांदी हातात घेऊन नीट पाहा.

गारवेल, गोकर्ण या आधाराला वेढे घालत वर जातात. त्या हिसडून ओढल्या तर आधाराचं कोवळं झाड मोडतं, म्हणून वेढे उलटे सोडवावे लागतात. कृष्णकमळ आणि आइसक्रीम क्रीपर स्प्रिंगसारख्या ताण्यांनी पकडतात. आइसक्रीम क्रीपरचे ताणे फुलांच्या तुऱ्याच्या टोकाशीच असतात. असा तुरा पेरूच्या फांदीवर पडला की तिथेच अडकून बसतो. मनी प्लांट आणि भिंतीला घट्ट चिकटणारा बारीक पानांचा फायकस खोडावरच्या मुळांनी धरतात आणि ओढले की भिंतीचा रंग, कधी गिलावासुद्धा सोबत घेऊन येतात. बोगनवेल खरी तर टेकून, काट्यांचा आधार घेत चढते. मधुमालती थोडे वेढे घालते आणि शिवाय तिच्या गळलेल्या पानांचे देठ खोडावर टणक आकड्यांसारखे राहतात. हातमोजे न घालता तिच्यात हात घालाल तर ते लगेच लक्षात येईल.

आता पसरणं. मधुमालती आणि कृष्णकमळ मुळांपासून नवे फुटवे काढतात, मूळ खोडापासून चांगले लांबसुद्धा. मनी प्लांटच्या प्रत्येक पेरावर मूळ धरायची तयारी असते, त्यामुळे जमिनीवर राहिलेला बोटभर तुकडाही पुरतो. आइसक्रीम क्रीपर ही मूळची मेक्सिकोची. ती जमिनीत गाठी धरते, शेंगदाण्याएवढ्यापासून रताळ्याएवढ्या. वरची वेल कितीही वेळा कापा, गाठ जिवंत असेपर्यंत ती पुन्हा येते.

दोन वेलींबद्दल वेगळं सांगायला हवं. गुळवेलीचं खोड खाली कापलं तरी वरचा भाग महिनोन् महिने तग धरतो आणि दोऱ्यासारखी हवाई मुळं जमिनीकडे सोडतो. ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी. औषधी म्हणून ती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण फळझाडावर नको. दुसरी अमरवेल. पानं नसलेले पिवळे दोरे कुंपणाच्या मेंदीवर किंवा जास्वंदीवर दिसले, तर तिला मातीत मूळ शोधू नका. ती थेट यजमान झाडात शोषक मुळं घुसवून जगते. दोरे उपटून भागत नाही, राहिलेल्या तुकड्यातून ती परत वाढते. ज्या फांद्यांवर ती आहे त्या फांद्यांसकट, वेल जिथे संपते त्याच्या वीतभर खालून कापा, आणि बी धरायच्या आत कापा.

मूळ कोणाच्या जमिनीत आहे?

हे शोधायला एक सकाळ राखून ठेवा. घरातली रंगीत लोकर किंवा जुन्या साडीच्या काठाच्या चिंध्या घ्या. शेंड्यापासून सुरुवात करून एकेक दांडा हाताने धरत खाली या. जो दांडा भिंत ओलांडून पलीकडे जातो त्याला एका रंगाची चिंधी, जो आपल्या मातीत शिरतो त्याला दुसऱ्या रंगाची. कंटाळवाणं काम आहे, पण मी ते पहिल्याच वर्षी केलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

मातीत शिरणारा दांडा हलकेच वर ओढून पाहा. दोन बोटं माती निघून तो सुटला, तर टेकला तिथे नुकतीच मुळं फुटली आहेत. जागचा हलला नाही तर तो जुना आहे किंवा भिंतीच्या पायाखालून आलेला फुटवा आहे. तिथे खुरप्याने माती बाजूला करून मूळ कोणत्या दिशेला जातं ते बघा. भिंतीतली पाणी जायची भोकं, पायाजवळच्या भेगा, फरशीचे सांधे हेही तपासा. आमच्याकडे वेल आली ती पावसाचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातूनच.

त्याच वेळी नुकसान नोंदवून घ्या. कोणती फळझाडं झाकली, कौलाखाली किंवा पन्हाळीत वेल शिरली का, सोलर हीटरच्या पाइपांना वेढे पडलेत का, खिडकीची जाळी वाकली का. वेलीवरून उंदीर सहज गच्चीवर पोचतात, तेव्हा गच्चीच्या कठड्याला ती टेकली असेल तर तेवढा भाग सगळ्यात आधी मोकळा करायच्या यादीत घ्या. तारीख दिसेल असे मोबाइलवर फोटो काढा. हे फोटो भांडणासाठी नाहीत. पुढच्या बोलण्यात आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय हे दोघांनाही दिसावं, एवढ्यासाठी.

वेल विजेच्या तारेवर किंवा खांबावर गेली असेल तर तिला हातच लावू नका, ओल्या दिवसात तर नाहीच. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वीज बंद करून त्यांच्या माणसांनाच तो भाग काढू द्या.

मग शेजारी जा

बहुतेक लोक आधी कापतात आणि मग भांडण मिटवायला जातात. उलटं करा. आणि भिंतीवरून हाक मारून नको, दारात जाऊन, शक्यतो संध्याकाळच्या निवांत वेळी.

मधुमालतीबद्दल मी पहिल्यांदा गेले तेव्हा "तुमच्या वेलीचा फार त्रास होतो" अशी सुरुवात केली आणि काकूंचा चेहराच बदलला. ती वेल त्यांच्या सासूबाईंनी लावलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. चहा न घेताच परत आले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले ती एक ओंजळ फुलं घेऊन, त्यांच्याच वेलीची, आमच्या बाजूला पडलेली. संध्याकाळी पांढरी उमलणारी ती फुलं पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होत जातात, त्या तिन्ही रंगांवर आधी बोलणं झालं. मग मी म्हटलं, "काकू, वेल ठेवूयाच. फक्त आमच्या लिंबावर जी आलीये तेवढी मी उतरवून घेऊ का? कुठून कापायची ते तुम्हीच दाखवा." त्या स्वतः आल्या आणि मी मागितलं असतं त्यापेक्षा हातभर जास्तच कापायला सांगितलं.

बोलताना मागणी नेमकी ठेवा. "वेल आवरा" यातून कोणालाच काही कळत नाही. "भिंतीच्या वर जेवढी वाढ येईल तेवढी आमच्या बाजूने आम्ही कापू, तुमच्या बाजूचा शेंडा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, तुम्ही उतरवाल का?" हे कळतं. माळी बोलवायचा असेल तर त्याचा एक दिवसाचा रोज निम्मा निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवा. वेलीसाठी पलीकडे भिंतीपासून दोन फूट सोडून लोखंडी जाळीचा मांडव करता आला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण वेल भिंतीवर चढते ती दुसरा आधार मिळत नाही म्हणून. ठरलेलं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा, "आज बोलल्याप्रमाणे…" एवढ्याच सुरात.

शेजारी भाडेकरू असतील तर बोलणं त्यांच्याशी करा, पण मूळ तोडण्याची परवानगी घरमालकाकडून घ्या. घर बंद असेल तर सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवून त्यांच्यामार्फत मालकापर्यंत पोचा. गावाकडे बांधावरच्या वेलीवरून तंटा झाला तर ग्रामपंचायतीकडे तंटामुक्त समिती आहे का ते विचारा. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत अशा समित्या स्थापन झाल्या आणि असले बांधाचे वाद तिथे बसून मिटतात.

कायद्याचं थोडक्यात

सर्वसाधारण तत्त्व असं की आपल्या हद्दीत आलेला भाग आपण हद्दीच्या रेषेपर्यंत कापू शकतो, पण त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकू शकत नाही. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये हेच सांगितलं आणि आपल्याकडची न्यायालयंही याच तत्त्वाने जातात. कापलेला माल तत्त्वतः झाडाच्या मालकाचा असतो. म्हणून फुलं, फळं, कलमाला योग्य काड्या हव्यात का ते विचारा, पण ढीग त्यांच्या अंगणात फेकू नका.

वेल एखाद्या मोठ्या झाडावर गेली असेल आणि ती काढताना झाडाच्या मोठ्या फांद्या तोडाव्या लागणार असतील, तर शहरात महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी तो लागू होतो.

कापण्याचा दिवस

वेळ निवडण्याला फार महत्त्व आहे. मोठी छाटणी मेच्या उत्तरार्धात करा, पावसाळी वाढ सुरू होण्याआधी. दुसरी फुलं ओसरल्यावर पण बी पडायच्या आधी. भर पावसात कापलं तर दोन आठवड्यांत दुप्पट फुटवे दिसतात, आणि मनी प्लांटचा प्रत्येक पडलेला तुकडा रुजतो.

सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं उभं राहून वेलीकडे पाहा. बुलबुल, शिंजीर, शिंपी असे पक्षी दाट वेलीत घरटी करतात. पक्षी चोचीत काडी किंवा किडा घेऊन पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल तर तिथे घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, तो भाग राहू द्या. गांधीलमाश्यांचं पोळंही अशाच वेळी नजरेला पडतं. आणि कोकणात किंवा घाटाजवळ राहत असाल तर खाजकुइली नाही ना, हे पाहून मगच पुढे व्हा. तिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली तर दिवस वाया जातो. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीने लव उचलून घ्या आणि मग धुवा.

पूर्ण बाह्यांचा जाडा सदरा, कातडी हातमोजे, चष्मा. मनी प्लांटच्या चिकाने खाज सुटते, बोगनवेलीचा काटा खोल गेला तर चिघळतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही आठवून ठेवा. हत्यारांत धार लावलेली सिकेटर कात्री, जाड दांड्यांसाठी छोटी करवत, उंचावरच्यासाठी बांबूला बांधलेली आकडी. कोयता मी भिंतीजवळ वापरत नाही. एक घाव चुकला की शेजारच्या बाजूचं मुख्य खोड जातं आणि मग सगळं ठरलेलं बोलणंही जातं.

लोंबणारी वेल कापताना भिंतीच्या माथ्याशी, आपल्या बाजूला, दांडा एका हाताने धरा आणि त्या हाताच्या खाली कापा. धरायचं अशासाठी की कापल्याबरोबर वरचा भाग झटक्याने पलीकडे जाऊन त्यांच्या कुंड्या पाडू नये. कापलेला खालचा भाग लगेच ओढू नका. झाडावर असेल तर आठ-दहा दिवस तिथेच वाळू द्या. पानं गळतात, ताणे ठिसूळ होतात आणि मग तो हाताने मोडत निघतो, झाडाची एक डहाळीही न तुटता. मी पेरूवरची हिरवी वेल ओढली होती आणि तिच्याबरोबर पुढच्या बहराच्या सगळ्या कोवळ्या फांद्या खाली आल्या होत्या.

उंच झाडावर वेल आपल्याच मातीतून चढली असेल तर शिडी लावून शेंड्याशी झगडू नका. खोडाभोवतीचा प्रत्येक दांडा गुडघ्याच्या उंचीवर एकदा आणि छातीच्या उंचीवर एकदा कापा, मधला तुकडा काढून टाका. खोडाची साल कापली जाणार नाही हे सांभाळा. वरचं सगळं जागच्या जागी सुकेल. अपवाद गुळवेल आणि मनी प्लांटचा. त्यांचा वरचा भाग काढावाच लागतो.

भिंतीला चिकटलेल्या वेलीचंही तसंच. बुडाशी कापा, दोन-तीन आठवडे वाळू द्या, मग रुंद पत्रीने खरवडा आणि राहिलेली मुळं तारेच्या ब्रशने घासून काढा. भिंत कोणाच्या मालकीची आहे हे आधी माहीत असू द्या. सामाईक असेल तर रंगाचा खर्चही बोलून घ्या.

रुजलेली वेल उपटताना

हे खरं कष्टाचं काम, आणि त्याला पहिल्या एक-दोन पावसांनंतरचा आठवडा सर्वांत चांगला. माती भुसभुशीत असते, आणि मुळं कुठे आहेत ते नव्या कोंबांवरून दिसतं. कोंबापासून वीतभर लांब पहार घाला, माती सैल करा, आणि हाताने मुळाचा माग काढत भिंतीकडे जा. आइसक्रीम क्रीपरच्या गाठी आम्हाला दीड-दोन फुटांवरही सापडल्या. प्रत्येक गाठ घमेल्यात टाका, मातीत तुकडा राहू देऊ नका. टिकावाने घाव घालत खणलं तर गाठी तुटतात आणि एकीच्या चार होतात, म्हणून वेळ लागला तरी पहार आणि खुरपंच बरं.

भिंतीच्या पायाला लागून खणू नका. पायापासून हातभर अंतरावर थांबा आणि तिथे पोचलेलं मूळ कापा. जे खणता येत नाही ते उपाशी ठेवून मारावं लागतं. दर पंधरा दिवसांनी, कोंबाला तिसरं-चौथं पान येण्याआधी, जमिनीलगत कापत राहा. पानं नाहीत तर अन्न नाही, आणि गाठीतला साठा हळूहळू संपतो. मधे एक महिना चुकला तर साठा पुन्हा भरतो. मी पहिल्या वर्षी नेमकी श्रावणात गावी गेले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

मोकळ्या वाफ्यात याला पुठ्ठ्याची मदत घेता येते. मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे, चिकटपट्ट्या काढून, एकमेकांवर वीतभर चढतील असे पसरा, पाण्याने भिजवा, वर सहा इंच सुका पालापाचोळा टाका. एका पावसाळ्यात पुठ्ठा कुजतो, तेव्हा पुढच्या मेमध्ये पुन्हा घाला. झाडाच्या बुंध्याला मात्र पुठ्ठा टेकवू नका.

पुन्हा येऊ नये म्हणून भिंतीपासून हातभर अंतरावर चर खणून त्यात शहाबादी फरश्या उभ्या पुरायच्या. दोन फुटी फरशीचा दोन-तीन इंच भाग जमिनीच्या वर ठेवा, म्हणजे वरून ओलांडणारा फुटवा दिसतो. सांध्यांवर फरशीचे तुकडे लावा, मुळं नेमकी तिथूनच येतात. भिंतीतली पाण्याची भोकं बुजवू नका, पावसाळ्यात मागे पाणी साचून भिंत फुगते. भोकाच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा आणि ती महिन्यातून एकदा साफ करा.

तणनाशकाचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी कळकळीने सांगते, या कामात ते नको. आंतरप्रवाही तणनाशक पानातून मुळापर्यंत जातं. आपल्या बाजूच्या पानांवर फवारलं तरी भिंतीपलीकडची, सासूबाईंच्या हातची वेल मरू शकते, आणि ते नुकसान मग भरून काढता येत नाही. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले आणि तो फक्त अधिकृत कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असं ठरवलं. मीठ, रॉकेल, ॲसिड ओतणं तर त्याहून वाईट. वेल आज ना उद्या परत येते, माती मात्र कित्येक वर्षं नापीक राहते.

कापलेल्या ढिगाचं काय करायचं

मधुमालतीच्या, बोगनवेलीच्या काड्या वाळवून बारीक करून खतात चालतात. मनी प्लांट, आइसक्रीम क्रीपरच्या गाठी, बी धरलेले तुरे आणि अमरवेल यांना खताच्या खड्ड्यात जागा नाही. ते गच्चीवर किंवा फरशीवर, मातीचा स्पर्श होणार नाही असे, कडक उन्हात दोन-तीन आठवडे पसरा. गाठी चिरून वाळवा. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की झालं. मग ते बागेच्या कचऱ्यात द्या. उघड्यावर जाळू नका, त्यावर बंदी आहे. आणि कृपा करून ओढ्याच्या काठावर टाकू नका. आइसक्रीम क्रीपरचं बी पाण्यावर तरंगतं, आणि आपण अंगणातून काढलेली वेल खाली नदीकाठच्या झाडांवर चढते.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात

रिकामी माती ठेवली तर पहिला फुटवा येईल तो वेलीचाच. आम्ही भिंतीकडच्या सावलीत हळद आणि अळू लावलं. मे अखेरीला लावलेल्या हळदीची पानं श्रावणापर्यंत जमीन झाकतात, आणि काढणीच्या वेळी तो सगळा वाफा दरवर्षी आपोआप खणला जातो, राहिलेली एखादी गाठ तेव्हा हाती लागते. पहिल्या वर्षी अशा अकरा निघाल्या, दुसऱ्या वर्षी चार. यंदा हळद काढली तेव्हा एकच होती, बोराएवढी. हळदीची पानं पातोळ्यांसाठी काकूंकडे जातात, आणि त्यांच्याकडून मेमध्ये निरोप येतो, "उद्या माळी येतोय, तुमच्या बाजूचीही उतरवायची का?"